परदेशी निघताना बॅगेत काय भरावे, कोणते कागद जवळ ठेवावेत

दुबई, कुवेत, मस्कत येथे नोकरीला जाणारा किंवा जहाजावर चढणारा माणूस गोव्यातल्या बहुतेक गावांत असतो, आणि त्याची बॅग घरची माणसे मायेने भरतात. जपायला हवे ते तेथूनच, कारण म्हापशाच्या बाजारात सहज मिळणारी वस्तू संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा ठरू शकते. शागुतीच्या मसाल्यात पडणारी खसखस घ्या: तिच्यावर तेथे बंदी आहे. म्हणून घरी कुटलेला मसाला डब्यात भरण्यापूर्वी त्यात खसखस नाही ना, हे कुटणाऱ्यालाच विचारावे. शेजाऱ्याने ‘आमच्या मुलाला तेवढे पोचवा’ म्हणून दिलेले पुडके उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. भीड पडते हे खरे, पण विमानतळावर जबाब बॅग नेणाऱ्यालाच द्यावा लागतो.

औषधांचेही तसेच आहे. ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे अमिरातीत नियंत्रित असून ती नेण्यासाठी तेथील सरकारची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. नेहमीच्या औषधांसाठी डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी, तीत कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. इन्सुलिन हातातल्या बॅगेत असावे, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होण्याची भीती असते.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) देशांत जाणाऱ्यांनी, त्यातही तेथील बंदरे घेणाऱ्या खलाशांनी, पीतज्वराची लस निदान 10 दिवस आधी टोचून घ्यावी. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरले जाते आणि पुढे आयुष्यभर चालते.

आखातात उघड्यावर काम करणाऱ्याने उन्हाळा हलक्यात घेऊ नये. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे, हे कामगाराला स्वतःला ठाऊक असले पाहिजे. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला आणि त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि अमिरातीत 998 वर रुग्णवाहिका बोलवावी.

मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणे अमिरातीत बेकायदेशीर आहे. तरीही पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्र यांची एक प्रत घरी आणि एक फोनमध्ये असावी. ज्यांच्या पासपोर्टला स्थलांतर परवानगी लागते, त्यांनी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी जाण्यापूर्वी घ्यायची असते. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी तीत 10 लाख रुपयांचे संरक्षण आहे, आणि तिचा क्रमांक घरच्यांकडे लिहून ठेवावा. अडचण आल्यास तेथील भारतीय दूतावासाशी किंवा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर संपर्क साधावा.

गोव्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लंडन, स्विंडनकडे गेलेल्यांचे भारतीय नागरिकत्व संपलेले असते, त्यामुळे परदेशात संकटसमयी त्यांनी पोर्तुगालच्या वकिलातीकडे जावयाचे असते. तिचा पत्ता आणि दूरध्वनी निघण्यापूर्वीच टिपून घ्यावा.