जुन्या बोटीवर चढण्याआधी : आमच्या मंडळासाठी तयारीची यादी

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल एका बोटीवरचं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी भावनगरला लग्नाला गेलो होतो. परत येताना अलंगच्या (जिथे जुन्या बोटी मोडतात) रस्त्यावर, त्रापजजवळच्या बोटीवरच्या सामानाच्या दुकानांत ते दिसलं. घासाघीस केली आणि टेम्पोत घालून बडोद्याला आणलं. त्याच्या चारही बाजूंना बोटभर उंच कड आहे, समुद्र खवळला तर ताटं घसरू नयेत म्हणून. पोळ्या लाटताना ही कड आड येते, ही बायकोची तक्रार अजून चालू आहे. परवा मंडळातल्या अकरा जणांनी क्रूझचं बुकिंग केलं आणि बोट तिशी ओलांडलेली आहे हे नंतर कळलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अलंगहून सामान आणण्याऐवजी आता सामानातच जाऊन बसायचं!"

मी बोटीवरचा माणूस नाही. एका रासायनिक कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात उभी नोकरी गेली. पण पंप, पाइप, गंज आणि शटडाऊन यांच्याशी चांगली ओळख आहे. शिवाय दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं सिंगापूरहून अशाच एका वयस्क बोटीने चार रात्री फिरून आलो. तेव्हा दांडिया बाजारातल्या कट्ट्यावर जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सलग लिहितो.

सगळ्यात आधी, बोटीच्या वयाला घाबरू नका. रावपुऱ्यातले जुने सागवानी वाडे बघा. जिथे दर उन्हाळ्यात कौलं नीट करून घेतात तो वाडा अजून ताठ उभा आहे, आणि जिथे भाऊबंदकीत पाच वर्षं कोणी वर चढलं नाही तिथे पहिल्या पावसात बादल्या लागतात. बोटींचंही तसंच. 1990 मध्ये इटलीत बांधलेली एक बोट नावं बदलत बदलत 2019 मध्ये 'कर्णिका' नावाने मुंबईत आली आणि 2020 च्या नोव्हेंबरात अलंगच्या वाळूवर चढली. त्याच 1990 मध्ये फ्रान्समध्ये सेंट नझेरला बांधलेली 'नॉर्डिक एम्प्रेस' मात्र 2021 मध्ये 'एम्प्रेस' या नावाने मुंबईहून नव्याने फिरायला लागली. वय एकच, नशीब वेगळं. कोणती बोट चालवायची आणि कोणती मोडायची हे जन्मसालावर ठरत नाही. करोनाच्या काळात तर तिच्यामागे पैसे घालायला कोणी उरलंय का, यावर ठरलं.

म्हणून पहिली तयारी घरी बसल्या करायची आहे. बोटीचं नाव बदलतं, आयएमओ नंबर बदलत नाही. हा सात आकडी नंबर बोटीला जन्मभर चिकटलेला असतो. तो शोधा, म्हणजे तिची आधीची नावं, मालक, बांधणीचं वर्ष सगळं मिळतं. 'इक्वासिस' नावाची फुकट साइट आहे. नाव नोंदवलं की वेगवेगळ्या बंदरांत त्या बोटीची तपासणी कधी झाली आणि काय उणीव निघाली ते तिथे दिसतं. नातवाला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. उणिवा दिसल्या म्हणून लगेच तिकीट रद्द करायला धावू नका, तपासणीत काही ना काही निघतंच. तीच उणीव पुन्हा पुन्हा येतेय का, आणि बोट कधी बंदरात अडकवून ठेवली होती का, एवढं बघा.

दुसरा प्रश्न एजंटला विचारायचा: शेवटचं ड्रायडॉक कधी झालं? ड्रायडॉक म्हणजे सुकी गोदी. बोट आत घ्यायची, पाणी उपसायचं आणि एरवी कधीच न दिसणारा तळ बघायचा. आमच्या भाषेत मोठा शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवणं. प्रवासी बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र बारा महिन्यांपुरतंच असतं, त्यामुळे तपासणी दर वर्षी होते. पण तळ सुक्या गोदीत पाच वर्षांतून निदान दोनदा बघावा लागतो आणि दोन खेपांमध्ये छत्तीस महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तळावरचे शेवाळ-शिंपले खरवडायचे, रंग द्यायचा, पोलादाऐवजी आधी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले जस्ताचे ठोकळे बदलायचे, हे तेव्हाच होतं. गालिचे आणि गाद्याही बहुधा त्याच वेळी बदलतात. गोदीची वेळ जवळ आली असेल तर बोट थकलेली दिसणार. पण गोदीतून निघाल्यानंतरची पहिलीच फेरीसुद्धा घेऊ नका. रंगाचा वास, अर्धवट पॅनेल, कॉरिडॉरमध्ये सुतार. शटडाऊननंतरचे पहिले पंधरा दिवस कारखान्यात कसे जातात ते मला विचारा. दोन-तीन महिने उलटू द्यावेत.

केबिन निवडताना खिडकीच्या आधी डेकचा नकाशा बघा. आपल्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे? वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज, शिवाय जुन्या बोटीत गळतीची शक्यता. वर स्वयंपाकघर असेल तर भांडी. अगदी मागच्या टोकाला बोट ढकलणाऱ्या पंख्याची थरथर जाणवते, विशेषतः तो फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या (शाफ्टच्या) जुन्या रचनेत. अगदी पुढे गेलात तर बंदराला लागताना बोटीच्या नाकाजवळचे थ्रस्टर (बोट आडवी सरकवणारे छोटे पंखे) सुरू होतात आणि कोणीतरी पिंप भरून खडी ओतल्यासारखा आवाज होतो. मध्यभागी, खालच्या बाजूला, वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली केबिन घ्या. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनाही तीच सोसते. आमची तलावाखाली होती. तिसऱ्या रात्री छताच्या पॅनेलमधून थेंब पडायला लागले. बरोबर माझ्या उशीवर.

आता बॅग. केबिनच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात, म्हणून लोहचुंबकाचे हुक न्या, चार-पाच. ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर जातं आणि पाय ठेवायला जागा राहते. जुन्या बोटीत प्लगच्या जागा एक-दोनच असतात, कारण ती बांधली तेव्हा माणशी दोन-दोन मोबाइल नव्हते. म्हणून अनेक यूएसबी तोंडांचा चार्जर न्या. पण एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, आणि सर्ज प्रोटेक्टर तर नाहीच. बोटीवरच्या विजेची जोडणी घरच्यासारखी नसते, त्यात हे यंत्र तापून पेटू शकतं. बंदरावरच काढून घेतात. इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड यांचीही तीच गत. उदबत्ती, कापूर, निरांजन घरीच ठेवा. केबिनमध्ये धूर ओळखणारा डोळा असतो, आणि त्याला आरती आणि आग यांतला फरक कळत नाही. काकूंनी मानसपूजा करावी.

लहान टॉर्च, ओल्या डेकवर न घसरणारे सँडल, कापसाचे बोळे, आणि खटखटणाऱ्या पॅनेलमध्ये खोचायला जाड कागद. शेवटच्या वस्तूला हसू नका. जुन्या बोटीत पॅनेलचे सांधे सैल होतात आणि लाटेबरोबर रात्रभर टकटक करतात. मी 'सकाळच्या नाष्ट्याची वेळ' छापलेल्या कागदाची घडी घालून ते बंद केलं. औषधं, एक कपड्यांचा जोड, पासपोर्ट आणि चष्मा हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग केबिनशी संध्याकाळपर्यंत येते. उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची. कोणती ते डॉक्टरांना विचारून, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. ओआरएसच्या पुड्या आणि साबणाची वडी. बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस हँड सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. भाकरवडी आणि लीलो चिवडा नेता येईल का, हे तिकिटाच्या नियमांत बघा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. सीलबंद पाकीट असलं तर निदान बोलायला जागा राहते.

आणि मग. प्लास्टिकचा साधा मग. बोटीतल्या संडासात जेट नसतो.

संडासाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या बोटीवर सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच येतात. घरी पाणी घाण ढकलून नेतं, तर बोटीत हवा ओढून नेते. पाइपमध्ये पोकळी असते, बटण दाबलं की झडप उघडते आणि लिटरभर पाण्यात काम होतं. पाइप बारीक असतो, वर्षानुवर्षं त्याला आतून क्षार धरत जातो, आणि पाच-पंधरा केबिन एकाच पाइपवर असतात. कोणी एकाने ओला रुमाल किंवा डायपर टाकला की सगळी आळी बंद. आमची सात तास होती. दर दोन तासांनी प्लंबर येऊन 'हाफ अवर, सर' म्हणत होता. त्याची दया आली, मीही हेच वाक्य आयुष्यभर प्रॉडक्शनवाल्यांना सांगितलंय. तेव्हा तिथल्या कागदाशिवाय काही टाकू नका आणि झाकण लावून मग बटण दाबा. आपल्या डेकवरचा सार्वजनिक संडास कुठे आहे तेही पहिल्याच दिवशी बघून ठेवा. ही सगळी ओढ विजेवर चालते हेही लक्षात असू द्या. 2013 च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनखोलीत आग लागली आणि वीज गेली, तेव्हा चार हजारांवर माणसं होती आणि संडास बंद. ती बोट म्हातारीही नव्हती, 1999 ची होती. जनरेटरच्या इंधनाची एक लवचिक नळी गळली होती, एवढंच.

केबिनमध्ये पाय ठेवलात की कपडे लावायला घेऊ नका, आधी पाव तास तपासणी. फ्लश करून बघा. शॉवरचं गरम पाणी चार-पाच मिनिटं सोडून ठेवा आणि तेवढा वेळ न्हाणीच्या बाहेर उभे राहा. पाइपात साठून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर श्वासात जातात, म्हणून. पाणी निचरतंय का ते बघा. छताकडे बघा. पिवळा डाग कोरडा असेल तर जुनी गोष्ट, बोटाला ओल लागली तर चालू गोष्ट. गालिच्यावर अनवाणी चाला, ओल पायाला आधी कळते. कपाट, तिजोरी, दिवे, एसी. बाल्कनी असेल तर एसी चालू असताना दार उघडं ठेवू नका. दमट हवा आत येऊन पॅनेलवर पाणी धरतं आणि मग लोक गळती म्हणून तक्रार करतात. जे बिघडलंय त्याचा फोटो काढा आणि बोट सुटायच्या आत रिसेप्शनला सांगा, कारण रिकामी केबिन असलीच तर तेव्हाच मिळते. आम्ही पहिल्या दिवशी डाग बघूनही 'जाऊ दे' म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या रात्री बदलून द्यायला एकही केबिन शिल्लक नव्हती. त्यांनी बादली दिली.

कुठे डोळेझाक करायची आणि कुठे नाही, हे सांगतो. कठड्यावर तांबूस ओघळ, फुगलेला रंग, झिजलेलं सागवानी डेक, पितळेवरचा हिरवट थर, हे सगळं खाऱ्या हवेचं काम आहे. खलाशी हातोडीने गंज ठोकून काढताना आणि लाल प्रायमर मारताना दिसले तर सकाळच्या झोपेचं खोबरं होईल, पण मला तरी ते दृश्य आवडतं. ज्या बोटीवर कोणीच ठोकत नाही तिची मला जास्त काळजी वाटते. पण आग अडवणारी दारं पाचर ठोकून किंवा बॅग लावून उघडी ठेवलेली दिसली, लाइफ जॅकेटचे पट्टे कुजलेले निघाले, बाहेर पडायच्या वाटेचे दिवे गेलेले असले, जिन्यात गाद्यांचा ढीग असला, तर मात्र नीट बोला, लिहून द्या. तो नुसता दिसण्याचा भाग नाही. ती दारं चुंबकाने धरलेली असतात आणि वेळ आली की आपोआप मिटतात, म्हणून त्यांच्या वाटेत काही ठेवायचं नसतं. लाइफबोटी दर तीन महिन्यांतून एकदा तरी पाण्यात उतरवून चालवून बघायच्या असतात. बंदरात तसं चाललेलं दिसलं तर चहा घेऊन बघत उभे राहा, फुकटचा तमाशा आहे.

ड्रिलला, म्हणजे संकटात काय करायचं याच्या सरावाला, दांडी मारायची नाही. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे ठरलेल्या जागी जमायचं. 2012 च्या जानेवारीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली तेव्हा नव्याने चढलेल्या काही प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. 1 जानेवारी 2015 पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घ्यावी लागते. आपली जागा कळली की केबिनपासून तिथपर्यंत एकदा लिफ्टशिवाय चालून बघा. गुडघेवाल्यांनी किती पायऱ्या आहेत ते मोजा, आणि जास्त वाटल्या तर लगेच सांगा, मदतीची नोंद करून घेतात.

अकरा जणांत मिळून टॉर्च चार पुरे, हुक वीस, मग अकरा. मंगळवारी बाजारात जातोय, ज्यांना हवेत त्यांनी सोमवारपर्यंत सांगावं.