गवती चहा, तुळस, पुदिना: चहासाठी पानं कशी वाळवावीत

पावसाळा सरता सरता गवती चहाचं बेट चांगलं फोफावलेलं असतं. रोजच्या चहात चार पाती घालून ते काही संपत नाही. मग वाळवून ठेवावं. फक्त पापड-कुरडयांसारखं गच्चीवरच्या उन्हात नको. या पानांचा सगळा स्वाद त्यांतल्या सुगंधी तेलात असतो. कडक उन्हात ते उडून जातं, रंगही फिका पडतो आणि बरणीत नुसतं गवत उरतं. पानांना हवी सावली आणि खेळती हवा.

भर पावसात हा उद्योग करू नका, पानं वाळण्याआधी बुरशी धरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सुरुवात करा. सकाळी दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत खुडा. कीटकनाशक मारलेल्या झाडाला हात लावू नका.

गवती चहा जमिनीपासून वीतभर वर कापा, म्हणजे गड्डा शाबूत राहून पुन्हा पाती फुटतात. पात्यांच्या कडा बोटं कापतात, म्हणून हातमोजे घाला. पिवळी, तांबेरलेली पाती तिथेच काढून टाका. तुळशीचे शेंडे मंजिऱ्या यायच्या आधी खुडा, पण झाड बोडकं करू नका. द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळस न तोडण्याची रीत अनेक घरांत आहे, त्या हिशेबाने दिवस ठरवा. पुदिना फुलावर येण्याआधी दांड्यांसकट घ्या.

पानं धुऊन सुती पंच्यावर नीट टिपा. गवती चहाचे ओला असतानाच कात्रीने अर्ध्या इंचाचे तुकडे करा, वाळल्यावर पाती चिवट होतात. मग सुपात किंवा मोठ्या चाळणीत एकच पातळ थर पसरा, वर विरळ मलमल घाला आणि पंख्याखाली ठेवा. रोज एकदा हलक्या हाताने परतवा. पुदिन्याला जपा. त्याचा ढीग झाला किंवा पानं चुरगळली, की तो काळा पडतो. कोकणासारख्या दमट हवेत जास्त दिवस लागतील, घाई करू नका.

पान बोटांत चुरलं की भुगा झाला पाहिजे, दांडी वाकली तर अजून ओल आहे. बरणीत भरल्यावरही आठवडाभर रोज बघा. काचेला आतून दमटपणा दिसला, तर पानं लगेच पुन्हा पसरा. बुरशी किंवा कुबट वास आला, तर मात्र सगळं फेकून द्या. चांगली वाळलेली पानं अख्खीच भरा, घट्ट झाकण लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि वर्षभरात संपवा. चुरायची ती चहा करताना.

कपाला एक चमचा वाळलेली पानं पुरतात. गवती चहा दोन-तीन मिनिटं उकळा. तुळस आणि पुदिना गॅस बंद केल्यावर घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा.