स्लीप स्टडीला जाताय? मग एवढं करा

बाबांच्या घोरण्याने शेजारच्या काकूसुद्धा वैतागल्या तेव्हा कुठे आम्ही कोथरूडला त्यांची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो याची रात्रभराची तपासणी, करून घेतली, तर अनुभवावरून सांगते. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल अजिबात लावू नका, कारण डोक्याला वायरी चिकटवतात आणि तेलकट केसांवर त्या टिकतच नाहीत, आमचे बाबा सवयीने चमचाभर खोबरेल थापून आले आणि टेक्निशियनने अर्धा तास नुसतं पुसण्यात घालवला. बोटाला ऑक्सिजन मोजणारा क्लिप असतो म्हणून नेलपॉलिश काढा. दुपारनंतर चहा बंद, आणि हो, पुणेकरांनो, १ ते ४ वाली झोप त्या दिवशी विसरा!! रोजच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

रिपोर्टमध्ये आधी एएचआय बघा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. बाबांचा ४१ आला. मग सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देणारं मशीन, १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेला उपाय, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतो. मास्क आधी दिवसा टीव्ही बघताना लावून सवय करा, बाबांना आठवडा लागला.