पसारा उपसण्याआधी: होर्डिंगच्या आजारात या चुका टाळा

होर्डिंग म्हणजे वस्तू टाकून न देता साठवतच राहण्याचा मानसिक आजार. त्यात घरच्यांची सगळ्यात मोठी चूक चांगल्या मनाने होते. आई चार दिवस बाहेरगावी गेली की मुलं घरातली अडगळ पोत्यांत भरून काढून टाकतात. आई परत येते, रडते, भांडते. काही महिन्यांत खोली पुन्हा गच्च भरते आणि आता ती मुलांना आत पाऊलही टाकू देत नाही.

असं का होतं? वस्तू टाकायची वेळ आली की या माणसांच्या जिवाची खरोखर घालमेल होते. ‘पुढे लागली तर?’, ‘ही गेली की आठवणही गेली.’ त्यातच वर्गवारी करणं, लक्ष टिकवणं, ‘ठेवू की टाकू’ हे ठरवणं त्यांना अवघड जातं. खोली दुसऱ्याने रिकामी केली, तर ठरवण्याचा हा सराव होतच नाही. शिवाय विश्वास उडतो, आणि पुढचे उपचार तर विश्वासावरच चालतात.

दुसरी चूक म्हणजे ‘आळशी’, ‘चिकट’ अशी लेबलं लावणं. हा विकार पूर्वी ओसीडीचाच (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा) भाग धरत. 2013 मध्ये डीएसएम-5 ने (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या, मानसिक आजारांची व्याख्या देणाऱ्या ग्रंथाने) त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. लक्षणं बहुधा 11 ते 15 या वयात डोकावू लागतात. तेव्हा आईवडील आवरत असतात, म्हणून काही जाणवत नाही. मग साठीत घर भरलेलं दिसलं की लोक त्याला म्हातारपणाचं खूळ म्हणतात. मात्र उतारवयात अचानक साठवणं सुरू झालं असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या.

छंद आणि आजार यांत गल्लत नको. नाणी जमवणारा ती लावून ठेवतो, कौतुकाने दाखवतो. इथे मात्र पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही.

फक्त गोळीवर भिस्त ठेवू नका. खास या आजारासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल (बऱ्याचदा असतेच), तर त्यासाठी औषधाचा उपयोग होतो. मुख्य उपचार म्हणजे याच आजारासाठी बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून आणि सरावातून होणारा उपचार. तिची मूळ आखणी साधारण 26 सत्रांची आहे आणि त्यातली काही सत्रं घरीच होतात. ‘दोन रविवारांत आवरू’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घरी मदत करताना आठवणींच्या वस्तूंपासून सुरुवात कराल, तर पहिल्याच दिवशी गाडी अडेल. फोटो, पत्रं शेवटी. टेबलाचा एक कोपरा, पंधरा-वीस मिनिटं, आणि प्रत्येक वस्तूचा निर्णय ज्याची आहे त्याचाच. ढीग या खोलीतून त्या खोलीत हलवणं हे आवरणं नव्हे. येणाऱ्या वस्तूंकडेही बघा. फुकट मिळालेलं, सेलमधलं, रस्त्यावर पडलेलं येतच राहिलं तर बाहेर काढलेलं पुन्हा भरणारच. म्हणून थेरपीत दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा सरावही करून घेतात.

आणि माणूस कशालाच तयार नसेल तर? ढिगाचा हट्ट तूर्त सोडा, आगीचा आणि पडण्याचा धोका आधी कमी करा. दारापर्यंतची वाट मोकळी, शेगडीजवळ कागद-कपडे नाहीत, जिन्यावर काही नाही. एवढ्याला नाही म्हणणारे त्या मानाने कमी असतात.