बहुपदी: घरी अभ्यास घेताना लागणारे शब्द, चिन्हं आणि ताळा

इंदूरच्या मराठी घरांत बीजगणित अडतं ते बरेचदा शब्दांपाशी. हिंदी माध्यमातली मुलगी ‘बहुपद की घात’ विचारते आणि महाराष्ट्रात शिकलेले काका ‘कोटी’ सांगतात. दोघांचं बरोबरच असतं. म्हणून आधी जोड्या लावून घ्या: बहुपद म्हणजे बहुपदी, चर म्हणजे चल (संख्येच्या जागी येणारं अक्षर), गुणांक म्हणजे सहगुणक (चलाला गुणणारी संख्या), गुणनखंड म्हणजे अवयव, शेषफल म्हणजे बाकी. ‘घात’ मात्र जपून वापरा. घातांक प्रत्येक पदाचा वेगळा असतो, कोटी सबंध बहुपदीची एकच, म्हणजे त्यातला सर्वांत मोठा घातांक. ५क्ष³ − २क्ष + ७ ची कोटी ३. नुसत्या ७ ची कोटी ०. नुसत्या ० ची कोटी ठरवताच येत नाही.

(वहीत क्षच्या जागी एक्स असेल, फरक काही नाही.)

चलाचा घातांक ०, १, २, ३ असा पूर्ण हवा. त्यामुळे ३/क्ष किंवा √क्ष आलं की ती बहुपदी नाही. √२ × क्ष चालतं, कारण मूळ सहगुणकाचं आहे, चलाचं नाही.

सजातीय पदं (चल आणि त्याचा घातांक सारखा असलेली) समजावताना ‘क्ष म्हणजे गराडू (तळलेला कंद), य म्हणजे भुट्ट्याचा (मक्याचा) कीस’ असं सांगायचा मोह होतो. सांगू नका. मग क्ष² म्हणजे गराडूचा वर्ग का, या प्रश्नाला उत्तर नसतं. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, गराडूची एक प्लेट क्ष रुपयांना असेल, तर ३ प्लेटचे ३क्ष रुपये. क्ष ही किंमत आहे, म्हणजे संख्या आहे. एवढं पक्कं बसलं की ताळा करता येतो: क्षच्या जागी संख्या घालायची, उदाहरण आणि उत्तर दोन्हींची किंमत सारखी येते का पाहायचं.

ताळ्याला २ किंवा ३ घ्या. ० घातला तर फक्त स्थिर पद (चल नसलेलं) तपासलं जातं. १ घातला तर १² आणि १³ सारखेच, त्यामुळे घातांकाची चूक लपते.

वजाबाकीत सर्वांत जास्त गुण जातात ते कंसामुळे:
(४क्ष² − ३क्ष + ५) − (क्ष² − ७क्ष + २)
वजा चिन्ह दुसऱ्या कंसातल्या तिन्ही पदांना लागतं: ४क्ष² − ३क्ष + ५ − क्ष² + ७क्ष − २, म्हणजे ३क्ष² + ४क्ष + ३. मुलं फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात आणि ३क्ष² − १०क्ष + ७ लिहितात. क्ष = २ घाला: पहिला कंस १५, दुसरा −८, वजाबाकी २३. बरोबर उत्तराची किंमत २३ येते, चुकीच्या उत्तराची −१.

गुणाकारात आधी पदं मोजा. (२क्ष − ३)(क्ष² + ४क्ष − ५) मध्ये २ × ३ = ६ गुणाकार व्हायला हवेत. पाचच दिसले तर एक राहिलाय. २क्ष³ + ८क्ष² − १०क्ष − ३क्ष² − १२क्ष + १५, एकत्र केल्यावर २क्ष³ + ५क्ष² − २२क्ष + १५. ताळा, क्ष = २ घालून: १ × ७ = ७, आणि १६ + २० − ४४ + १५ = ७.

(क्ष + ५)² = क्ष² + २५ ही चूक तर पिढीजात आहे. क्ष = २ ला डावीकडे ४९, उजवीकडे २९. हरवलेले २० म्हणजेच मधलं पद, १०क्ष.

भागाकारात गाळलेल्या घातांसाठी शून्य लिहायलाच हवं, जसं ५००७ मधली शून्यं गाळली तर ५७ उरतात. क्ष³ − ८ ला क्ष − २ ने भागताना सहगुणक १, ०, ०, −८ असे मांडा आणि डावीकडे २ लिहा, कारण क्ष = २ ला क्ष − २ शून्य होतं. १ खाली उतरवा. त्याला २ ने गुणून पुढच्या ० मध्ये मिळवा: २. पुन्हा तसंच: ४. शेवटी ८ आणि −८ मिळून बाकी ०. भागाकार क्ष² + २क्ष + ४.

इथे ताळ्याला २ घेऊ नका. भाजकच ० होतो आणि भागाकार कितीही चुकला तरी ० = ० येऊन ताळा जमल्यासारखा दिसतो. ३ घ्या: १९ = १ × १९.