पासवर्ड बरोबर, टेबलही आहे, तरी वर्कफ्लो अडतो? या चुका टाळा

कंपनीत खरेदी-मंजुरीचा वर्कफ्लो एन-एट-एनवर (कामाच्या पायऱ्या आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलाय. पुरवठादारांची मूळ यादी मात्र ईआरपीच्या (कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे आणि ती तिथेच राहणार आहे. होस्ट (डेटाबेसच्या मशीनचा पत्ता), पोर्ट (त्या मशीनवरचा दरवाजा क्रमांक), युजर, पासवर्ड सगळं भरलं, टेस्टचं बटण दाबलं आणि लाल पट्टी आली. मग नेहमीची फोनाफोनी सुरू होते. ईआरपीवाले म्हणतात, आमचा सर्व्हर चालू आहे. नेटवर्कवाले म्हणतात, पिंग जातंय. वर्कफ्लो बनवणारा म्हणतो, माझ्या लॅपटॉपवरून टेबल उघडतं. तिघंही खरंच बोलत असतात. फक्त प्रत्येकजण आपापल्या जागेवरून तपासतो. वर्कफ्लो जिथून आणि ज्या नावाने जोडणी करतो, तिथून कुणीच तपासत नाही.

लॅपटॉपवरची टेस्ट पुरावा धरू नका

तुमचा लॅपटॉप व्हीपीएनवर असतो, लॉगिन तुमचं असतं आणि बहुतेक वेळा त्याला गरजेपेक्षा जास्त राइट्स असतात. वर्कफ्लो वेगळ्या आयपीवरून, वेगळ्या अकाउंटने जातो. त्यामुळे टेस्ट करायची ती त्याच मशीनवरून आणि त्याच युजरने. पिंगवरही विसंबू नका. पिंगने मशीन जिवंत आहे एवढंच कळतं, पोर्ट उघडा आहे की नाही ते कळत नाही. पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ आणि ओरॅकलचा १५२१ हे नेहमीचे पोर्ट. त्यातला जो लागतो तोच तपासा.

डॉकर असेल, म्हणजे वर्कफ्लो कंटेनर नावाच्या बंदिस्त खोक्यात चालत असेल, तर आणखी एक पायरी आत जावं लागतं. कंटेनरच्या आतून 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचा सर्व्हर नव्हे. डेटाबेस त्याच मशीनवर पण कंटेनरबाहेर असेल, तर डॉकर डेस्कटॉपवर 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' हे नाव चालतं. साध्या लिनक्स सर्व्हरवर ते आपोआप मिळत नाही. कंटेनर सुरू करतानाच 'ॲड-होस्ट'मध्ये 'होस्ट-गेटवे' द्यावं लागतं. आणि दोन्ही एकाच कंपोज फाइलमध्ये (अनेक कंटेनर एकत्र सुरू करणारी फाइल) असतील, तर होस्टच्या जागी सर्व्हिसचं नाव आणि पोर्ट आतला. बाहेर ५४३३ ला जोडलाय म्हणून आतूनही ५४३३ टाकणारे पुष्कळ भेटतात.

'कनेक्ट होत नाही' एवढंच कळवू नका

एररचं वाक्य शब्दशः पाठवा, कारण गाडी कुठपर्यंत पोचली ते त्यातच लिहिलेलं असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं, तर तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतं. 'लिसन ॲड्रेसेस' ही सेटिंग बदलून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. उबंटूवरचं मायएसक्यूएलही 'बाइंड ॲड्रेस' १२७.०.०.१ धरून बसलेलं असतं. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये तर टीसीपी-आयपी बंदच येतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करायचं. तिथे इन्स्टन्सला (सर्व्हरच्या एका प्रतीला) नाव दिलेलं असेल, तर पोर्ट १४३३ असेलच असं नाही. तो डायनॅमिक असतो आणि त्याचा पत्ता देणारी ब्राउझर सर्व्हिस यूडीपी १४३४ वर बोलते. फायरवॉलमध्ये नुसता १४३३ उघडून काम होत नाही ते यामुळे. सरळ उपाय म्हणजे इन्स्टन्सला ठरावीक पोर्ट बांधून द्या.

बराच वेळ चक्र फिरून 'टाइम आउट' आलं, तर बहुतेक करून फायरवॉल पाकिटं गिळतेय, म्हणजे तुमची विनंती उत्तर न देताच टाकून देतेय. इथे डेटाबेसच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या करण्यात अर्थ नाही.

पोस्टग्रेसने 'नो पीजी एचबीए एंट्री फॉर होस्ट' म्हटलं तर वैतागू नका. पीजी एचबीए म्हणजे कुणाला कुठून आत घ्यायचं ते लिहिलेली पोस्टग्रेसची फाइल. जोडणी डेटाबेसपर्यंत पोचली आहे आणि पोस्टग्रेस तुम्हाला आयपी, युजर आणि डेटाबेस तिन्ही लिहून देतंय. तो आयपी नीट बघा. तुम्ही डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) कळवलेला आणि हा, दोन्ही वेगळे निघण्याची दाट शक्यता असते, कारण मध्ये नॅट (वाटेत आयपी बदलणारी सोय) असतं किंवा डॉकरचं नेटवर्क. डीबीएला एररमधलाच आयपी द्या. त्या फाइलमध्ये वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून वर दुसरी एखादी ओळ आधीच जुळत असेल, तर तळाशी टाकलेली नवी ओळ लागूच होत नाही. या बदलाला रीलोड पुरतं, रीस्टार्ट लागत नाही. मायएसक्यूएलच्या 'ॲक्सेस डिनाइड'मध्येही युजरपुढे ॲट लावून होस्ट छापलेला असतो. तिथे 'लोकलहोस्ट'वरचा युजर आणि बाहेरून येणारा त्याच नावाचा युजर ही दोन वेगळी खाती आहेत, पासवर्डही वेगळे असू शकतात.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी नाकारतोय? त्यात ॲटचं चिन्ह आहे का बघा. कंपनीचं नाव, ॲट आणि साल हा आपल्याकडचा लाडका साचा. एकाच ओळीत यूआरएलसारखी कनेक्शन स्ट्रिंग दिली, की ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम) त्या ॲटनंतरचा भाग होस्टचं नाव समजू शकतो. तिथे टक्का-चिन्ह आणि ४० असं लिहावं लागतं. दुसरी शक्यता जुन्या ड्रायव्हरची. मायएसक्यूएल ८.० पासून आणि पोस्टग्रेस १४ पासून पासवर्डची मूळ पद्धत बदलली. डेटाबेस अपग्रेड झाला आणि वर्कफ्लोचा ड्रायव्हर जुनाच राहिला, तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी डेटाबेसची सुरक्षा खाली आणण्यापेक्षा ड्रायव्हर बदला.

जोडणी झाली, टेबल नाही

'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा' (स्कीमा म्हणजे टेबलांचा गट) आलं की डीबीए म्हणतो, अरे, सिलेक्ट (वाचायची परवानगी) दिलंय की! दिलेलं असतंच, पण पोस्टग्रेसमध्ये स्कीमावर 'युसेज' वेगळं द्यावं लागतं; फ्लॅटची किल्ली हातात आहे, इमारतीचं गेट मात्र बंद. शिवाय 'ऑल टेबल्स'वर दिलेली परवानगी त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतीच. ईआरपीच्या पुढच्या अपडेटमध्ये टेबल नव्याने तयार झालं की वर्कफ्लो पुन्हा अडतो. त्यासाठी 'डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' असतात, पण तेही टेबल बनवणाऱ्या युजरच्या नावाने सेट करावे लागतात. ही एक अट सर्रास विसरली जाते.

'रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट' दिसलं तर टेबल गायब झालंय असं समजू नका. स्कीमाचं नाव जोडून बघा, मग कॅपिटल-स्मॉल बघा. अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस स्मॉल करून घेतं, ओरॅकल कॅपिटल. टेबल बनवताना नावाला दुहेरी अवतरण देऊन मिश्र अक्षरं वापरली असतील, तर क्वेरीतही तसंच लिहावं लागतं.

यातलं काहीच जमेना म्हणून वर्कफ्लोला सुपरयुजर (सगळे हक्क असलेलं खातं) देणं हा आळस आहे, आणि 'तात्पुरता' दिलेला सुपरयुजर पुढे कुणी काढत नाही.

रोज सकाळी पहिलाच अर्ज पडतो

दिवसभर सगळं सुरळीत, सकाळी पहिली रन फेल, दुसऱ्यांदा चालवली की पास. मायएसक्यूएलचा 'वेट टाइमआउट' मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास असतो. रात्रभर पडून राहिलेली जोडणी सर्व्हर तोडतो आणि वर्कफ्लोच्या पूलला (उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याला) ती जिवंतच वाटते. वापरण्याआधी जोडणी तपासून घेण्याची सोय पूलमध्ये असेल तर ती चालू करा, किंवा पूलमधलं जोडणीचं आयुष्य त्याहून कमी ठेवा. उलटी तक्रार 'टू मेनी कनेक्शन्स'ची. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, मायएसक्यूएलची १५१. वर्कफ्लोचे ६ वर्कर आणि प्रत्येकाचा पूल २० चा धरला तर १२० झाले, आणि ईआरपीची माणसं अजून लॉगिनही झालेली नाहीत.

एरर न देता होणाऱ्या चुका

या जास्त महाग पडतात, कारण लाल पट्टी येतच नाही. एन-एट-एन स्वतः बसवलं की त्याचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. सकाळी ९ ला लावलेली रन आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला किंवा, तिकडे हिवाळा असेल तर, साडेसातला चालते. टाइमझोन आशिया-कोलकाता करा.

तारखेचा घोटाळा यापेक्षा वाईट. एन-एट-एन ज्यावर चालतं त्या नोड-जेएसचा पोस्टग्रेस ड्रायव्हर नुसत्या तारखेला स्थानिक मध्यरात्र समजतो. मग ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) गेली की १ एप्रिलची तारीख ३१ मार्च १८:३० होते. बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात, आणि ऑडिटरने विचारेपर्यंत कुणाला पत्ता नाही. ज्या रकान्यात फक्त तारीख आहे, तो क्वेरीतच टेक्स्ट करून मागवा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर फॉन्टला दोष देऊ नका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एन-व्हारचार हवा आणि क्वेरीत मजकूर थेट लिहीत असाल तर अवतरणाआधी कॅपिटल एन हवा. तो नसेल तर 'सावंत' टेबलात जातानाच प्रश्नचिन्हं होऊन जातो आणि नंतर कशानेही परत येत नाही. मजकूर थेट जोडण्याऐवजी पॅरामीटर म्हणून पाठवला तर ही भानगड बरीचशी टळते, शिवाय नावात सिंगल अवतरण आलं तरी क्वेरी मोडत नाही.

राहिलं लिहिण्याचं. वाचायला ईआरपीवाल्यांकडून व्ह्यू (मूळ टेबलावर बेतलेलं तयार दृश्य) मागा, म्हणजे त्यांनी आतलं टेबल बदललं तरी तुमचा वर्कफ्लो तगतो. त्यांच्या मूळ टेबलात मात्र थेट इन्सर्ट करू नका. ईआरपी स्वतः करते ते हिशेब आणि तपासण्या त्याने वगळल्या जातात. वेगळं टेबल मागून घ्या, त्यात अर्ज क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारी) लावा आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (क्रमांक आधीच असेल तर काही करू नको) जोडा. हे नसेल तर काय होतं? पहिल्या खेपेला ओळ गेलेली असते, फक्त उत्तर परत यायच्या आत लाइन तुटते; वर्कफ्लो इमानदारीत रीट्राय करतो आणि त्याच पुरवठादाराच्या नावे दुसरी ऑर्डर निघते.