मार्श, स्वॉम्प, बॉग, फेन: सरसकट 'दलदल' लिहिताना होणाऱ्या चुका टाळा

मराठीत 'दलदल' हा शब्द जवळजवळ सगळी कामं करतो. पाय रुतला की दलदल. वर झाडं आहेत की लव्हाळी, पाणी पावसाचं की भरतीचं, ही चौकशी तो करत नाही. इंग्रजी करते. तिथे जागेचं नाव दोन गोष्टींवर ठरतं: वर काय उगवलंय आणि पाणी कुठून येतंय. हे न पाहता शब्दकोशात पहिला दिसलेला शब्द उचलला, की भाषांतरात सुंदरबन गवताळ होतं आणि उसाच्या शेतात बॉग निघतो.

मार्श आणि स्वॉम्प अदलाबदलीने वापरणे

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. मार्शमध्ये गवत, बोरू, लव्हाळी, पाणकणीस असलं मऊ खोडाचं रान असतं, झाडं जवळपास नसतातच. स्वॉम्पमध्ये झाडं पाण्यात उभी असतात. दक्षिण फ्लोरिडात हा फरक शेजारी शेजारी दिसतो. एव्हरग्लेड्सचा मोठा भाग सॉग्रास या धारदार पात्याच्या लव्हाळ्याने भरलेला आहे, म्हणून तो मार्श. त्याला लागूनच बिग सायप्रस आहे. तिथे सायप्रसची झाडं पाण्यातून वर येतात, म्हणून त्याच्या नावापुढे स्वॉम्प लागतं.

हाच नियम आपल्या किनाऱ्याला लावा. खारफुटी ही झाडं, तेव्हा 'मॅन्ग्रोव्ह स्वॉम्प' बरोबर आणि 'मॅन्ग्रोव्ह मार्श' चूक. नुसतं 'मॅन्ग्रोव्ह्ज' लिहिलं तरी चालतं, वर्तमानपत्रात तेच बरं. 'सॉल्ट मार्श' म्हणजे भरतीच्या पाण्यात तग धरणाऱ्या गवताचा आणि खुरट्या झुडपांचा पट्टा. शिवडीला फ्लेमिंगो उतरतात ती जागा मार्शही नाही आणि स्वॉम्पही नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या चिखलाच्या सपाटीला 'मडफ्लॅट' म्हणतात.

बोलताना 'स्वॅम्प' म्हणू नका. उच्चार 'स्वॉम्प' असा आहे, 'वॉच' आणि 'स्वॉन'मधल्यासारखा 'ऑ'.

प्राण्यांच्या नावांवरूनही जागा ठरवू नये. बारशिंग्याला इंग्रजीत 'स्वॉम्प डिअर' म्हणतात, पण कान्हाचा बारशिंगा टणक जमिनीवरच्या कुरणात राहतो. त्याचे खूर दलदलीतल्या भाऊबंदांसारखे पसरट नाहीत. आपल्या मगरीचं इंग्रजी नाव 'मार्श क्रोकोडाइल'. ती चिपळूणला वाशिष्ठीत आणि सांगलीला कृष्णेत दिसते, आणि या दोन्ही चांगल्या वाहत्या नद्या आहेत. 'मार्श क्रोकोडाइल सापडली, म्हणजे इथे मार्श होता' असा निष्कर्ष एखाद्या अहवालात दिसला, तर तो कापावा.

बॉग आणि फेन यांना चिखल समजणे

या दोन शब्दांच्या मुळाशी पीट आहे. गार, सतत ओल्या जागी मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. हजारो वर्षांत त्यांचा जो तपकिरी थर साचतो, तो पीट. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तो वीटेसारखा कापून, वाळवून जाळतात. काही स्कॉच व्हिस्कींना धुराचा वास येतो तो त्याचाच.

बॉग पावसाच्या पाण्यावर जगतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे जागा आम्लधर्मी होते आणि तिथे मुख्यतः स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. फेनला जमिनीखालून झिरपणारं, खनिजं घेऊन आलेलं पाणी मिळतं. त्यामुळे तो कमी आम्लधर्मी असतो आणि तिथली वनस्पतींची विविधता जास्त असते. बॉगमधलं आम्ल आणि प्राणवायूचा अभाव यांचा परिणाम किती टिकाऊ असतो, हे डेन्मार्कमध्ये 1950 साली दिसलं. पीट कापणाऱ्यांना एक मृतदेह सापडला. चेहरा इतका शाबूत, की नुकताच खून झालाय असं वाटून पोलिसांना बोलावलं. तो 'टोलुंड मॅन' दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला. अशा देहांना इंग्रजीत 'बॉग बॉडी' म्हणतात. इथे 'मार्श बॉडी' किंवा 'स्वॉम्प बॉडी' लिहून चालत नाही, कारण देह टिकतो तो बॉगच्या गुणामुळे.

सांगण्याचा मुद्दा हा, की पीट नसेल तर बॉगही नाही, म्हणून कोकणातल्या किंवा देशावरच्या ओल्या जागेला 'बॉग' म्हणणं जवळजवळ नेहमीच चूक ठरतं.

फेनच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. 'द फेन्स' असं मोठ्या अक्षराने लिहिलेलं आलं, तर तो पूर्व इंग्लंडमधला केंब्रिजशर आणि लिंकनशरकडचा प्रदेश. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच अभियंत्याने तिथे कालवे खणून पाणी काढलं. आज ती इंग्लंडची नामांकित शेतजमीन आहे. त्यामुळे 'ही वॉज बॉर्न इन द फेन्स' याचं भाषांतर 'तो दलदलीत जन्मला' असं केलं, तर बिचाऱ्यावर अन्याय होतो. उत्तर इंग्लंडमध्ये 'मॉस' शब्दाची हीच गत. 'चॅट मॉस' हे शेवाळाचं नाव नाही, तो मँचेस्टरजवळचा बॉग आहे. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे बांधताना जॉर्ज स्टीफन्सनने त्यावर फांद्या आणि झुडपांचे थर अंथरून रूळ अक्षरशः तरंगते ठेवले, आणि 1830 मध्ये त्यावरून गाड्या धावल्या.

ब्रिटिश बोलीत 'बॉग' म्हणजे संडासही. मित्र 'आय अ‍ॅम गोइंग टु द बॉग' म्हणाला, तर त्याच्यासोबत पक्षी पाहायला निघू नका.

वेटलँड म्हणजे दलदल असं धरून चालणे

वेटलँड ही छत्री आहे. मार्श, स्वॉम्प, बॉग, फेन सगळे तिच्याखाली येतात, आणि तळी, खाड्या, मिठागरंसुद्धा. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर इथे वेटलँडविषयी झालेल्या कराराची व्याख्या नैसर्गिक आणि मानवनिर्मित, गोडं आणि खारं असं सगळं पाणी घेते. समुद्राच्या बाबतीत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला भागही तिच्यात बसतो. महाराष्ट्रातली रामसर स्थळं पाहिली तरी आवाका कळतो: बंधाऱ्यामुळे तयार झालेलं नांदूर मधमेश्वर, उल्कापाताने झालेलं लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी. लोणारला कोणी मार्श म्हणणार नाही, पण वेटलँड ते आहेच. म्हणून 'वेटलँड'साठी 'पाणथळ' हाच शब्द ठेवावा.

'क्रीक'बद्दलही इथेच सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे क्रीक म्हणजे खाडी, अमेरिकेत क्रीक म्हणजे ओढा. अमेरिकन मजकुरातल्या क्रीकची खाडी करू नका, नाहीतर कोलोरॅडोच्या डोंगरात भरती येते.

आपल्या शब्दांना चुकीचा इंग्रजी जोडीदार देणे

उलट दिशेचं भाषांतर अधिक फसवं असतं. सांगली-कोल्हापूरकडे पाणी जास्त होऊन शेत चिबड होतं. ते 'मार्शी' नाही, 'वॉटरलॉग्ड' आहे, आणि क्षार वर आले असतील तर 'सलाइन' हेही जोडायचं. विम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या अर्जात हा फरक पैशांचा असतो. 'मार्शी लँड' वाचणाऱ्याला वाटतं, मुळातच पडीक होती.

गोव्यातल्या खाजनाचंही असंच होतं. बांध घालून आणि मानशीने (बांधातल्या झडपेच्या दाराने) भरतीचं पाणी अडवून माणसांनी ही शेतं खाडीकडून मिळवली आहेत. तिथे भात आणि मासे दोन्ही होतात. त्याला 'मार्श' म्हटलं, की पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम एका शब्दात पुसले जातात. 'खाजन लँड' असंच लिहावं आणि सोबत एक ओळ खुलासा द्यावा. पावसाळ्यात रस्त्यावर झालेल्या राड्यासाठी 'मडी' पुरे. 'स्लश' आपल्या इंग्रजीत सर्रास चालतो, पण विलायतेतल्या वाचकाला त्यात अर्धवट वितळलेलं बर्फ दिसतं.

'अडकलो' म्हणायला कुठलाही शब्द घेणे

रोजच्या लिहिण्यात या शब्दांची गाठ पडते ती बहुधा इथे. 'स्वॉम्प्ड' म्हणजे वरून एवढं येऊन पडलं की बुडालो. मूळ चित्र लाटेने भरलेल्या होडीचं आहे. म्हणून चांगल्या गोष्टीलाही तो चालतो: दिवाळीत दुकान 'स्वॉम्प्ड विथ ऑर्डर्स' असू शकतं. तेच दुकान 'मायर्ड इन ऑर्डर्स' असू शकत नाही, कारण 'मायर्ड'ला चिखल चिकटलेला आहे: कर्ज, वाद, घोटाळा. त्यामागे 'इन' येतो. 'मायर्ड विथ काँट्रोव्हर्सी' हे आपल्याकडच्या बातम्यांमध्ये दिसतं, ते टाळा.

'बॉग्ड डाउन' म्हणजे वेग गेला. मीटिंग सुरू आहे, पण तपशिलांत रुतली. त्यात बदनामी नाही, घाणही नाही. 'क्वॅगमायर' त्याहून गंभीर: हलाल तेवढे खोल जाल अशी परिस्थिती. व्हिएतनाम युद्धाच्या संदर्भात हा शब्द रूढ झाला आणि तेव्हापासून लांबलेल्या, माघार घेता न येणाऱ्या लढाईला तो लागतो. ऑफिसच्या प्रिंटरच्या बिघाडाला तो वापरला, तर लिहिणाऱ्याचंच हसं होतं. 'मोरॅस'मध्ये गुंतागुंत आणि दिशाहीनता असते, म्हणून 'लीगल मोरॅस'. त्यात जोर 'रॅस'वर येतो.

माणसांच्या बाबतीत 'स्वॉम्प्ड' जपून वापरा. 1978 च्या जानेवारीत मार्गारेट थॅचर यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत स्थलांतरितांविषयी हा शब्द वापरला आणि मोठा गदारोळ झाला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने 'अवर एरिया इज स्वॉम्प्ड विथ न्यूकमर्स' असं सहज लिहिलं, तरी शेजाऱ्यांना त्यातून काहीतरी वेगळंच ऐकू येतं.

एकाच स्पेलिंगचे तीन उच्चार

एस-एल-ओ-यू-जी-एच. ब्रिटिश इंग्रजीत चिखलाची जागा किंवा निराशेची गर्ता असेल, तर 'स्लाउ'. लंडनजवळचं गावही स्लाउच, स्लो किंवा स्लफ नाही. अमेरिकेत मागे साचलेलं पाणी किंवा मुख्य प्रवाहाची मंद शाखा असेल, तर 'स्लू'. आणि सापाने कात टाकली, तर क्रियापद 'स्लफ'.